चौथी जागा

पांडेसऱ्याहून स्टेशनला जाणारी लाल बस बंद झाली तेव्हा आम्हाला तसं कुणी येऊन सांगितलं नाही. आधी ती उशिरा यायला लागली. मग दुपारची बस गेली, मग संध्याकाळची. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा आमच्या नाक्यावरचं पत्र्याचं शेड पाडलं, आणि काम संपल्यावर ते परत उभं करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी आम्ही चार मुली, शेड होतं त्या जागी दप्तरं घेऊन उभ्या राहिलो, आणि उभ्याच राहिलो. शेवटी समोरचा पानवाला ओरडला, "बेन, बस बंद थई गई. रिक्षामां जाओ." बसच्या मरणाची बातमी आम्हाला एवढीच मिळाली.

माझा अजूनही संताप होतो तो याच गोष्टीचा. माणूस मेलं तर निदान चार लोक जमतात. इतकी वर्षं हजारो लोकांना घेऊन गेलेली बस गेली, आणि लोक म्हणाले, बरं झालं, रिक्षा दारात येते.

आम्ही खानदेशातले. शिरपूरकडचं गाव सोडून आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेला आले ते मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला. पांडेसऱ्यात आमच्या गल्लीत उभं राहून कुणी हाक मारली तर निम्म्या दारांतून अहिराणीत ओ येत असे. जवळच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत सोय होती. पुढे मराठीतून शिकायचं तर स्टेशनच्या बाजूला जावं लागे, म्हणून बहुतेक मुलींचं शिक्षण सातवीलाच संपायचं. आम्ही चौघी त्याच्या पुढे गेलो त्याचं श्रेय आमच्या हुशारीला कमी आणि त्या बसला जास्त.

कारण ती बस म्हणजे आमची गल्लीच होती, चाकं लावलेली. सकाळी सातला मिलची रातपाळी सुटायची, आणि लिंबायत, उधन्याकडे राहणारे सगळे रंगारी त्याच बसनं घरी जायचे. कुणाचे हात कोपरापर्यंत निळे, कुणाचे गुलाबी, कुणाच्या कानामागे हळदीसारखा पिवळा रंग राहिलेला. हे सगळे मागे उभे राहायचे. तसा काही नियम लिहिलेला नव्हता, पण आपल्या कपड्यांचा रंग बायका-पोरींना लागू नये म्हणून ते कधी पुढे आले नाहीत. मागच्या भागातले धरायचे दांडे त्यांच्या हातांनी रंगीबेरंगी होऊन गेले होते, पुढचे मात्र साधे लोखंडी. कंडक्टर बारडोलीकडचा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण कोणती पोरगी कुठल्या थांब्यावर उतरते ते त्याला पाठ होतं, आणि एखादी दिसली नाही तर तो दोरी ओढायच्या आधी खाली वाकून गल्लीकडे बघायचा. माय निर्धास्त होती. त्या बसमध्ये माझ्याकडे वाकडी नजर टाकायची कुणाची बिशाद नव्हती, निम्मी बस आबांना ओळखत होती.

श्रावणात आमची कानबाईसुद्धा याच बसनं तापीवर जायची. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, कानबाई म्हणजे आमची देवी. नारळाला नथ घालतात, डोळे काढतात, लुगडं नेसवतात आणि चौरंगावर बसवतात. दुसऱ्या दिवशी बाया तिला डोक्यावर घेऊन गाणी म्हणत नदीवर नेतात. आमच्या बाया नाक्यापर्यंत नाचत यायच्या आणि मग देवीला घेऊन सरळ बसमध्ये चढायच्या. कंडक्टर पुढची सीट रिकामी करून द्यायचा आणि देवीचं तिकीट मागायचा नाही. बायांचं मात्र मागायचा.

शाळेत आमचे एक म्हातारे सर मुंबईहून आलेले होते. आम्ही बस गेल्याची रड सांगितली तेव्हा ते म्हणाले, मुंबईत ट्राम बंद झाली तेव्हा लोक असेच हळहळले होते, पण निदान तिच्या जागी बस आली. आमच्या बसच्या जागी शटल रिक्षा आल्या. मागे तीन माणसांची सीट, तिच्यावर चार जण बसवायचे, आणि ड्रायव्हरच्या दोन बाजूंना आणखी दोन लटकवायचे. रिक्षा बसपेक्षा जलद जायची, हे मी नाकारत नाही. पण बस रिकामी असली तरी वेळ झाली की निघायची. रिक्षा भरल्याशिवाय हलत नसे. मागच्या सीटवर तिघं बसले असतील तर चौथ्यासाठी ड्रायव्हर तोंड बाहेर काढून ओरडत राहायचा, "चालो स्टेशन, एक जण घटे छे, एक जण!" चौथा कोण येईल ते त्याच्या हातात नव्हतं आणि आपल्या हातात तर नव्हतंच.

आम्हा चौघींच्या घरांनी यावर तोड काढली. चौघी मिळून मागची सीट भरते. मग परका माणूस बसेलच कसा? एक वयस्कर रिक्षावाले होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते रोज सकाळी आम्हा चौघींना नाक्यावरून उचलायचे. पुढे त्यांच्या बाजूला कुणी का बसेना, मागे आम्ही चौघीच. मांडीवर दप्तरं, खिडकी नाही म्हणून वाऱ्यानं वेण्या सुटलेल्या. नववीचं उरलेलं वर्ष असं निघालं. खरं सांगते, मजा आली. बसमध्ये मोठी माणसं असायची, इथे आम्ही मोठमोठ्यानं गाणी म्हणायचो आणि चाचा आरशातून बघून हसायचे.

चौघींमधली पहिली गेली ती माझी चुलत बहीण. तिचे वडील, आबांचे थोरले चुलतभाऊ, यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आमच्या भाऊबंदांत आप्पांचा शब्द शेवटचा. नववीची परीक्षा झाली आणि वैशाखात त्यांनी तिचं लग्न नंदुरबारकडे लावून दिलं. बस असती तर दहावीनंतर केलं असतं, रिक्षात पोर पाठवण्याची जोखीम नको, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते. जूनमध्ये आम्ही तिघी उरलो. चौथ्या जागेसाठी चाचा बाई शोधायचे. "लेडीज सवारी, लेडीज!" असं ओरडत पाच-दहा मिनिटं थांबायचे, आणि मग बाकीचे लोक कुरकुर करायला लागले की जो येईल त्याला घ्यायचे. आम्ही घरी हे सांगायचो नाही.

दुसरी आमच्या समोरच्या खोलीतली. तिच्या वडिलांची मिल पलसाण्याला हायवेवर नवी उघडली, तिकडे खोली मिळाली, आणि ते सामान टेम्पोत घालून निघून गेले. पलसाण्याला मराठी शाळा नव्हती. ती तिथे घरी बसली.

तिसरी माझी जिवाची मैत्रीण. तिचे वडील रेल्वेत होते, विहाराच्या गल्लीत राहायचे. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुस्तकांची फळी. दोन मुलगे नापास झाले तरी चालेल पण मुलगी शिकली पाहिजे, असं तिची आई म्हणायची. त्यांना आषाढात स्टेशनजवळ रेल्वेचं क्वार्टर मिळालं. शाळा तिथून चालत जाण्यासारखी. जायच्या आधी तिचे वडील मुद्दाम आमच्याकडे आले. ओट्यावरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. आबांना म्हणाले, "दादा, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. परीक्षेपर्यंत आमच्याकडे ठेवा. दोघी सोबत अभ्यास करतील. माझ्या पोरीसारखीच राहील."

मला तर तेव्हाच दप्तर भरावंसं वाटलं. मायनं दाराआडून मान हलवली, तिची तयारी होती. आबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात जातीवरून कुणी मोठ्यानं काही बोलत नसे. जात आमच्याकडे गप्प बसून पाळली जायची. आबांचं ते "पाहू" ऐकून मैत्रिणीचे वडील समजायचं ते समजले. पाणी न पिता उठले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मग श्रावण आला, आणि कानबाई बसली. त्या वर्षी आप्पांच्या घरी होती. कानबाईला गव्हाचे रोट करतात, आणि ते खायला फक्त भाऊबंद बसतात. परक्याला तो रोट देत नाहीत, शेजाऱ्यालासुद्धा नाही. खोलीत दाटीवाटीनं पंगत बसली होती, चौरंगावर देवी, समोर समई. मी वाढत होते. आप्पांना त्या क्वार्टरची गोष्ट कुठून तरी कळली होती. सगळ्यांसमोर त्यांनी आबांना विचारलं, "काय रे, पोरले तठे ठेवस म्हने?"

आबा खाली बघत रोटाचा तुकडा मोडत राहिले.

"ती तठे राही, तठे जेवी, मंग उद्या कानबाईना रोट तुले कोन देई?" आप्पा म्हणाले. "अन् आते रिक्षामा परका मानूसना मांडीले मांडी लाईसन बठस, ते तरी चालस का? मी मनी पोरनं लगीन करी टाकं. तू काय करशी ते सांग."

पंगतीत सगळ्यांचे घास थांबले. माझ्या हातातली पुरणाची वाटी तशीच राहिली. आबा मुळात कमी बोलणारे, आणि आप्पांपुढे तर मान वर करून कधी बोललेच नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी ताटावरचा हात उचलला, देवीकडे बघितलं आणि म्हणाले, "ती तठे जानार नही. तिना जोडे परका मानूसबी बठनार नही. रिक्षामा तिना जोडे मी बठसू. पन पोर दहावी करी."

मला त्या क्षणी आबांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. माझं शिक्षण वाचलं, रिक्षात आबा माझ्या शेजारी बसणार, एवढंच मला कळलं. त्या शब्दाची किंमत कोण, कशी देणार हे कळायचं माझं वय नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्या सगळ्यांनी समाधानानं पुढचा घास घेतला. देवीसमोर, भाऊबंदांसमोर दिलेला शब्द. आमच्याकडे तो मोडत नाहीत. मोडला असता तर काय झालं असतं? काही नाही. फार तर एक रोट मिळाला नसता.

मिलमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या, दिवसाची आणि रातची, आलटून पालटून. दिवसपाळी असेल तेव्हा आबा मला सोडायला कसे येणार? म्हणून त्यांनी सुपरवायझरकडे जाऊन कायमची रातपाळी मागून घेतली. दुसऱ्या कुणाला ती नकोच होती, लगेच मिळाली. सकाळी सातला सुटायचं, तसंच नाक्यावर यायचं, माझ्याबरोबर रिक्षात बसून शाळेपर्यंत यायचं, दुसऱ्या रिक्षानं घरी परतायचं. दोन घास खाऊन आडवं व्हायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठून मला आणायला निघायचं. दुपारी परत आल्यावर थोडं झोपायचं, तर आमची खोली एकच, धाकट्या भावाची दंगामस्ती, वर पत्रा तापलेला. माय मला आणायला का गेली नाही, असं मला पुढे लोकांनी विचारलं. मायला घरी साड्यांवर टिकल्या लावायचं काम होतं, हे एक. दुसरं म्हणजे ज्या नियमानं माझ्या शेजारी परका चालत नव्हता, त्या नियमानं तिच्या शेजारी तरी कसा चालणार?

रिक्षात मी उजव्या कडेला, जिकडे दांडा लावून बंद केलेलं असतं तिकडे. मग आबा. आबांच्या पलीकडे दोन परके. रंगाचे ओले कपडे घातलेल्या माणसांना रिक्षावाले घेत नसत, सीट खराब होते म्हणून. बसला अशा गोष्टींचं काही वाटत नव्हतं. चाचांनी आबांना नाही म्हटलं नाही, पण आबा बसायच्या आधी ते खालून प्लास्टिकचा तुकडा काढून सीटवर अंथरायचे. आबा त्यावर अंग आखडून बसायचे. तरी माझ्या गणवेशाला रंग लागायचाच. पांढऱ्या कुर्त्याची डावी बाजू कधी फिकट गुलाबी, कधी निळी. बाईंनी वर्गात उभं करून विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझे वडील माझ्या शेजारी बसतात. वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

रिक्षा सुरू झाली की मिनिटभरात आबा झोपायचे. डोकं माझ्या खांद्यावर पडायचं. त्यांच्या केसांना त्या रंगाच्या पाण्याचा उग्र वास यायचा. पलीकडचे ते परके, ज्यांच्यापासून मला वाचवायला ते बसलेले असायचे, तेच त्यांना सांभाळायचे. खड्डा आला की कुणीतरी हात आडवा धरायचं. एकदा मी आबांना उठवायला लागले तर एक जण मला हळूच म्हणाला, "बेन, पप्पाने सुवा दे, हुं पकडुं छुं." मी दिवाळीनंतर मायला म्हटलं, आबांना सांग, नको आता. चाचा ओळखीचे आहेत, मी एकटी जाईन. मायनं सांगितलं. आबा तिच्यावर ओरडले. कधी न ओरडणारा माणूस झोपेवाचून चिडका झाला होता. डोळे सदा लाल, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून द्यायचे, जेवताना घास हातात घेऊन तसेच बसायचे. मी दुसऱ्यांदा सांगायला गेले तर म्हणाले, "थोडा दिवस राह्यनात. तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. खूप केला. दुसरं माझ्या हातात काय होतं?

संक्रांत झाली. आकाशातल्या पतंगांचा मांजा अजून तारांवर लोंबकळत होता. शाळेत दहावीची सराव परीक्षा लागली. त्या सकाळी गणिताचा पेपर. मी वेळेवर नाक्यावर आले, चाचांची रिक्षा उभी होती. मागे दोन माणसं आधीच बसली होती आणि दोन जागा आमच्यासाठी ठेवल्या होत्या. प्लास्टिकसुद्धा अंथरलेलं होतं. मिलचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. रंगारी सायकलींवरून जात होते. आबा दिसेनात. आत बसलेला एक जण घड्याळ बघायला लागला. चाचा त्याला म्हणाले, "रुको भाई, बच्ची का बाप आता है." मीही मनातून चिडले होते. पेपरला उशीर होणार म्हणून मी आबांवर चिडले होते, ते मला स्पष्ट आठवतं.

आबांऐवजी त्यांच्या जोडीचा माणूस पळत आला. त्याचे हात पिवळे होते, अंगात शर्ट नव्हता. शर्ट कशाला वापरला ते मला नंतर कळलं. "पोरी," तो म्हणाला, "तुना आबाना हात मशीनमा गया. दवाखानामा लई गयात."

त्या मशीनवर दोन जाड रबरी रूळ एकमेकांवर दाबून फिरतात. त्यांच्यामधून ओलं कापड पिळून पुढे जातं. कापडाला सुरकुती पडली की माणसानं ती हातानं सारखी करायची असते, रुळाच्या फार जवळ न जाता. आबांनी हे काम वर्षानुवर्षं केलं होतं. सुरकुती सारखी करता करता त्यांचा डोळा लागला. कापडाबरोबर हात आत गेला.

चाचांनी मला दंडाला धरून रिक्षात बसवलं. त्या दोन माणसांच्या मधे बसले की कडेला, ते आठवत नाही. एकानं माझं दप्तर आपल्या मांडीवर घेतलं. मी रडत होते तर दुसरा म्हातारा सारखं "कंई नथी, बेटा, कंई नथी" म्हणत होता. चौथी जागा रिकामी होती, तिच्यावर ते प्लास्टिक फडफडत होतं. चाचा वाटेत कुठे थांबले नाहीत. नाक्यानाक्यावर लोक हात करत होते, त्यांनी कुणाला घेतलं नाही. शटल रिक्षा न भरता निघालेली मी तेव्हाच पाहिली.

सरकारी दवाखान्यात आबा शुद्धीवर होते. उजव्या हाताला उशीएवढं बँडेज. ते बँडेज मनगटाच्या खाली जितकं असायला हवं तितकं नव्हतं, हे मला लगेच दिसलं आणि तरी मी तिकडे बघत राहिले. आबांनी मला पाहिलं. ओठ सुकले होते. पहिलं वाक्य काय बोलले, तर, "कशी उनी?"

"रिक्षामा," मी म्हटलं.

"जोडे कोन व्हतं?"

मला इतका राग आला की मी दवाखान्यात आहे हे विसरले. सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात मी ओरडले, "परकाच व्हतात! त्यासनीच आनं माले आठे!"

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न मला कधी विचारला नाही.

भाऊबंद भेटायला आले. आप्पा सफरचंदं घेऊन आले आणि कानबाईची इच्छा म्हणाले. मी उठून बाहेर गेले. रोज डबा घेऊन कोण यायचं, तर माझ्या मैत्रिणीचे वडील. क्वार्टर तिथून जवळ होतं. तिच्या आईनं केलेली भाकरी आणि मुगाचं वरण आबा डाव्या हातानं खायचे, सांडत, हळूहळू. आता ते त्या घरचं जेवत होते आणि रोटाचं कुणी नाव काढत नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. हेच जेवण मी आषाढात जेवायला गेले असते तर तो हात जागेवर राहिला असता. त्या घटनेनंतर काही बायका माझ्याकडे बघून कुजबुजायच्या, पोरीच्या शिक्षणापायी बाप अपंग झाला. मी ते कधीच मानलं नाही, आजही मानत नाही. शिक्षणानं कुणाचा हात तुटत नाही.

मिलनं आबांना परत घेतलं नाही. एका हाताच्या माणसाला रंगखात्यात काम नसतं. मैत्रीण दहावी झाली, पुढे नर्स झाली. मी त्या वर्षी परीक्षेला बसले नाही. दहावी मी लग्नानंतर बाहेरून दिली, पहिलं मूल कडेवर घेऊन, आणि गणितात चांगले मार्क पडले. पण ते फार पुढचं. तेव्हा घरात टिकल्यांच्या कामावर चार तोंडं भागणं शक्य नव्हतं. होळीनंतर मायनं कुणाकडून तरी माझ्यासाठी काम बघितलं, रिंग रोडच्या कपडा मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचं. जायचं कसं, हा प्रश्न घरात निघाला नाही. जायला एकच साधन होतं. आप्पांनाही कळलं होतं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी मायची जुनी चप्पल घालून निघाले तर आबाही उठले. त्यांना आता सकाळी कुठे जायचं नव्हतं, पण सवयीनं सातला जाग यायची. उजवा हात शर्टाच्या बाहीत दडवून ते माझ्यामागून नाक्यापर्यंत आले. चाचांची रिक्षा त्या दिवशी नव्हती, दुसरीच कुणाची होती, ड्रायव्हर पोरगेला. मागच्या सीटवर तीन माणसं बसलेली. एक गवंडी असावा, त्याच्या हाताला सिमेंट होतं. ड्रायव्हर तोंड बाहेर काढून ओरडत होता, "चालो मार्केट, एक जण घटे छे!"

मी थांबले. दुसरी रिक्षा येईल, त्यात एखादी बाई असेल, असं आबा म्हणतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आबा पुढे झाले, रिक्षात वाकले आणि कडेला बसलेल्या त्या गवंड्याच्या खांद्यावर त्यांनी डावा हात ठेवला.

"भाऊ, जराखा सरक," ते म्हणाले. "मनी पोरले बठू दे."

तो सरकला. मी बसले. रिक्षा भरली होती, ती लगेच निघाली.